एक तार आणि अनेक बोलणारे



आजच्या विषयाची पाटी वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा विषय यंत्रशाळेत शिकवण्याचा आहे, चैत्रातल्या संध्याकाळी मोकळ्या हवेत बसून ऐकण्याचा नाही. शंका रास्त आहे. म्हणून मी आरंभ तारेपासून करीत नाही, विहिरीपासून करतो.

आपल्या मराठवाड्यात सामाईक विहीर ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. तीन भावांच्या वाटण्या होतात, जमिनीचे तीन तुकडे पडतात. विहिरीचे मात्र तुकडे पाडता येत नाहीत. मग पाळी ठरते. दोन दिवस थोरल्याचे, दोन मधल्याचे, दोन धाकट्याचे. मोट होती तेव्हाही पाळी होती, विजेचा पंप आला तेव्हाही ती राहिली. विहिरीवरून जी भांडणे कोर्टापर्यंत गेली त्यांची कागदपत्रे पाहिली तर पुष्कळदा असे आढळते की, पाणी पुरेसे होते. पाळी कोणी मोडली एवढाच वाद होता.

एकाच तारेवर अनेकांना बोलायचे असले म्हणजे हाच प्रश्न उभा राहतो. फरक एकच, पण मोठा आहे. थोरल्याने उपसलेले पाणी धाकट्याला मिळत नाही. शब्दाचे तसे नाही. एकाने तारेवर टाकलेला शब्द दहा जणांनी ऐकला तरी तो आटत नाही. उलट दहा जण एकदम बोलू लागले तर एकाचाही शब्द कोणाला कळत नाही. म्हणजे ऐकण्याची वाटणी हवी तितकी करता येते; बोलण्याची पाळीच लावावी लागते. ही पाळी कोणी लावायची, कशी लावायची, आणि ती मोडू नये म्हणून काय करायचे, याचा इतिहास गेल्या पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्यातली काही पाने आपल्या नांदेड-लातूरच्या भूमीवरून उलगडतात, ती आज पाहू.

नांदेडला रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाचा हा मीटरगेज मार्ग सिकंदराबादेहून निघून निजामाबाद, बासर, धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, तेव्हाचे औरंगाबाद असा थेट मनमाडपर्यंत जात होता. सुमारे ३९० मैलांचा एकेरी रूळ. लातूरला गाडी आली ती दुसऱ्या बाजूने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि अडीच फुटी रुळांवरून १९११ साली लातूरला पोहोचली. मार्ग एक निजामाच्या बाजूचा, दुसरा विलायतेत स्थापन झालेल्या कंपनीचा. एक रुंदीने बेताचा, दुसरा त्याहून अरुंद. पण दोन्ही एकेरी. आणि एकेरी रुळाचा स्वभाव तारेसारखाच असतो. त्यावरून एका वेळी एकाच दिशेने जाता येते.

रुळांबरोबर खांब आले आणि खांबांबरोबर तार आली. तारेचे खाते आपल्या देशात त्याआधी अर्धे शतक सुरू झाले होते. ओशॉघ्नेसी या डॉक्टरने १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये पहिली प्रायोगिक तार टाकली, आणि १८५५ साली तारखाते लोकांसाठी खुले झाले. पेशाने वैद्य असलेल्या गृहस्थाने देशभर तारा पसरवाव्यात हीही एक गंमतच. पण प्रत्येक गावाला स्वतंत्र तार देणे कोणत्याही सरकारला परवडण्यासारखे नव्हते. म्हणून मोठ्या शहरांच्या दरम्यान खास तारा ओढल्या आणि वाटेवरच्या लहान गावांना, तसेच रेल्वेच्या लहान स्टेशनांना, एकाच तारेवर ओवून घेतले. माळेतल्या मण्यांसारखी ही स्टेशने. प्रत्येक मण्यात एक यंत्र. आणि एकाने कळ दाबली की ठोका सगळ्यांच्या यंत्रावर पडायचा.

आता कल्पना करा. स्टेशनावर तारमास्तर बसला आहे. यंत्र सारखे कडकट्ट करीत आहे. त्यातले नव्वद टक्के त्याच्याकरिता नाही. पण प्रत्येक स्टेशनाला दोन-तीन अक्षरांची एक खूण दिलेली असते, आणि ती खूण वाजली की चहा पिता पिता, खाडाखोड करता करता, त्याचा कान टवकारतो. झोपलेल्या आईला बाजारातला गलबला जागे करीत नाही, पण पोराचा हुंकार करतो, तसा हा प्रकार. स्वतःला बोलायचे असेल तर आधी ऐकायचे. तार मोकळी आहे असे दिसले तरच कळीला हात घालायचा. दोघांनी एकदम हात घातला तर दोघांचेही ठोके एकमेकांत मिसळत, आणि कोणी तरी माघार घेईपर्यंत तिसऱ्याचेही काम अडत असे. या सबंध व्यवस्थेचा आधार काय? कायद्याची कलमे होती, तातडीच्या तारेला अग्रक्रम होता. पण रोजच्या व्यवहाराचा आधार शेजारधर्म एवढाच होता.

शेजारधर्मावर गप्पा चालतात, पोष्टाच्या तारा चालतात. गाड्या चालवायच्या म्हटल्यावर तो पुरत नाही. हे जगाला एका भयंकर घटनेने शिकवले, आणि ती घटना थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

१० सप्टेंबर १८७४. इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉर्विच शहराजवळचा एकेरी रूळ. रात्रीची वेळ, पाऊस पडत होता. एका बाजूने लंडनहून येणारी उशीर झालेली जलद गाडी, दुसऱ्या बाजूने मेल. कोणी कोणासाठी थांबायचे हे तारेने ठरायचे होते. नियम असा होता की, गाडी सोडण्याच्या परवानगीचा मजकूर कागदावर लिहून त्यावर जबाबदार अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय तारबाबूने तो पाठवायचा नाही. त्या रात्री मजकूर सही होण्यापूर्वीच तारेवर गेला: मेल पुढे येऊ द्या. इकडे जलद गाडीही सुटली. चूक ध्यानात येताच परवानगी रद्द करणारी तार धावली. उलट तारेने उत्तर आले की मेल निघून गेली आहे. त्यानंतर त्या तारघरातल्या माणसांना करण्यासारखे काहीच उरले नव्हते. दोन गाड्या अंधारात समोरासमोर आल्या आणि सुमारे पंचवीस माणसे मेली.

तारेत बिघाड नव्हता, शब्द स्पष्ट पोहोचला होता, हे इथे ध्यानात घेण्याजोगे आहे. बोलण्याचा अधिकार नसताना एक शब्द तारेवर गेला, आणि तारेने तो इमानाने पोहोचवला. तार अधिकार ओळखत नाही.

यावर जो उपाय निघाला तो मला यंत्रविद्येच्या इतिहासातल्या फार सुंदर उपायांपैकी एक वाटतो. एडवर्ड टायर या इंग्रज कारागिराने १८७८ साली असे यंत्र सिद्ध केले की, परवानगी ही शब्दांची गोष्टच राहू नये, ती हातात धरण्याची वस्तू व्हावी. दोन स्टेशनांत दोन यंत्रे, तारेने जोडलेली. दोन्हींत मिळून अनेक चकत्या; पण पलीकडच्या स्टेशनमास्तरने कळ दाबून संमती दिल्याशिवाय एकही बाहेर येत नाही, आणि एक बाहेर असताना दुसरी कोणत्याही टोकाला बाहेर पडत नाही. चकती ड्रायव्हरच्या हाती आली म्हणजे रूळ त्याचा. पुढच्या स्टेशनाच्या यंत्रात ती पडेपर्यंत तो दुसऱ्या कोणाचा नाही.

आपल्याकडे एकेरी मार्गांवर याच तत्त्वाचे नील साहेबाचे यंत्र रूढ झाले, आणि त्यात चकतीऐवजी पोलादी गोळा आला. श्रोत्यांमधल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. मुठीत मावेल न मावेल असा गोळा, त्यावर दोन स्टेशनांची अक्षरे कोरलेली, तो कातडी पिशवीत घातलेला आणि पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. न थांबणारी गाडी धडधडत आली की पॉइंट्समन कडे उंच धरून उभा राहायचा, आणि इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ते दंडात अडकवून घ्यायचा. त्याच क्षणी मागचे कडे खाली फेकायचा. आम्हा पोरांना हा सर्कशीतला खेळ वाटे. त्या कड्यात शेकडो माणसांचे प्राण बांधलेले आहेत हे कळण्याचे आमचे वय नव्हते.

रुळाचा प्रश्न गोळ्याने सुटला. पण गोळा फक्त दोन शेजाऱ्यांमध्ये फिरतो. चुडाव्याला लिंबगाव कळते, लिंबगावला नांदेड कळते. पूर्णेपासून मुदखेडपर्यंत कोणती गाडी कुठे आहे, मालगाडी कुठे बाजूला काढायची, मेलला कुठे क्रॉसिंग द्यायचे, हे सगळे एका नजरेत कोणाला दिसायचे? त्यासाठी अमेरिकेत १९०७ पासून तारेऐवजी टेलिफोनवर गाड्या चालवण्याची पद्धत रूढ होऊ लागली, आणि पुढच्या काही दशकांत ती आपल्याकडेही आली. रेल्वेच्या माणसांच्या भाषेत हिचे नाव ‘कंट्रोल’.

कंट्रोलचा फोन हा साध्या फोनपेक्षा अगदी वेगळा. सबंध विभागात तारांची एकच जोडी धावते आणि प्रत्येक स्टेशनाचा फोन तिच्यावरच लटकलेला असतो. दूरच्या कचेरीत सेक्शन कंट्रोलर कानाला यंत्र लावून बसलेला. तो सतत ऐकत असतो. स्टेशनमास्तरला काही सांगायचे असेल तर त्याने फोन उचलावा, दुसरा कोणी बोलत नाही ना हे आधी ऐकावे, मग स्वतःच्या स्टेशनाचे नाव घ्यावे, आणि कंट्रोलरने होकार दिला की गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, एवढेच सांगून फोन ठेवावा. उलट कंट्रोलरला एखाद्या स्टेशनाला बोलवायचे असेल तर त्याच्यापुढे प्रत्येक स्टेशनाची एकेक किल्ली असते. ती फिरवली की ठरावीक क्रमाने विजेचे ठोके तारेवर जातात. ठोके पोहोचतात सगळीकडे, पण प्रत्येक स्टेशनातले यंत्र ते मोजते, आणि ज्याच्या खुणेशी मोजणी जुळते त्याचीच घंटा वाजते. तारमास्तरचा टवकारलेला कान येथे लोखंडात उतरला, असे म्हणा ना.

कंट्रोलरच्या पुढे एक लांबरुंद कागद असतो. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशने. प्रत्येक गाडी म्हणजे त्यावरची एक तिरपी रेघ. जाणाऱ्या गाडीची रेघ वर चढते, येणाऱ्या गाडीची खाली उतरते. एकेरी मार्गावर दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे स्टेशन असलेच पाहिजे. दोन स्टेशनांच्या मध्ये त्या छेदल्या तर तो अपघात. पुढे कागदाच्या जागी संगणकाचा पडदा आला, पण रेघा त्याच.

या व्यवस्थेत दोन गोष्टी एकत्र नांदतात. बोलण्याचा अधिकार एकाच्या हुकमतीत आहे. पण ऐकायला कोणाला बंदी नाही. लिंबगावने कंट्रोलरला सांगितले की गाडी वीस मिनिटे उशिरा आहे, की ते चुडाव्यालाही कळते, कोणी वेगळे सांगावे लागत नाही. रात्री-अपरात्री एकट्या स्टेशनात बसलेल्या माणसाला ही तार म्हणजे सोबतही वाटे. अर्थात सगळ्यांनी ऐकण्याचा दुष्परिणामही आहेच. एकाला दिलेली ताकीद चाळीस स्टेशने ऐकतात! पण मला वाटते, त्या ताकदीचा थोडा भाग त्यातूनही येत असावा. नांदेडचा स्वतंत्र रेल्वे विभाग २००३ साली झाला. त्यापूर्वी या मार्गाची गणना हैदराबाद विभागात होत असे. परभणी-मुदखेड रूळ आता दुहेरी झाला आहे, आणि गोळे संग्रहालयांत किंवा भंगारात गेले आहेत. तत्त्व मात्र गेलेले नाही.

पाळी लावण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो घड्याळाचा. फ्रान्समधल्या एमिल बोडो नावाच्या तारखात्यातील कर्मचाऱ्याने १८७४ साली एक यंत्र पेटंट केले. त्यात एका तारेवर अनेक तारबाबू एकदम काम करीत, आणि तरी कोणाचा ठोका कोणाच्या ठोक्यात मिसळत नसे. युक्ती अशी. तारेच्या दोन्ही टोकांना एकेक फिरता काटा, दोन्ही अगदी एका गतीने फिरणारे. काटा पहिल्या बाबूवर आला की तार त्याची, पुढच्या निमिषात दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. एक अक्षर पाठवण्यास जेवढा वेळ लागतो तेवढाच प्रत्येकाला, आणि एका मिनिटात प्रत्येकाची पाळी १८० वेळा. प्रत्येक बाबूपुढे पाच पट्ट्या; दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. त्यांतल्या कोणत्या दाबल्या यावरून अक्षर ठरे. आपली पाळी आली की यंत्र हलकेच टक् करी, आणि त्या टकेवर बोटे पडलीच पाहिजेत. लवकर पडून उपयोग नाही, उशिरा पडून तर नाहीच. भजनात टाळकरी समेवर येतात तसे हे काम. असे म्हणणे भाग आहे की, हे माणसाला यंत्राच्या तालावर नाचवणे झाले. पण तारेचा एक क्षणही फुकट जात नसे, आणि तार महाग होती. आपल्या देशातल्या मोठ्या तारघरांतूनही बोडोची यंत्रे चालली. तारेचा वेग मोजण्याच्या एककाला आज ‘बॉड’ म्हणतात ते याच गृहस्थाच्या नावावरून.

घड्याळाच्या पाळीत एक उणीव आहे. ज्याला बोलायचे नाही त्याचीही पाळी येते आणि रिकामी जाते. खेड्यातल्या फोनबाबत हे परवडणार नव्हते. तिथे दिवसाकाठी बोलणे दोन-चारच. डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ साली याचे गणित मांडले. सगळे एकाच वेळी बोलत नाहीत. तेव्हा शंभर फोनांना शंभर तारा लागत नाहीत, थोड्या पुरतात. किती पुरतात आणि मग किती जणांना ‘लाइन बिझी’ ऐकावे लागते, ते मोजता येते.

या गणितावर आपल्या खेड्यांत एक प्रयोग झाला, तो मराठवाड्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. १९८० नंतरच्या दशकात आणि १९९० च्या दशकात तारा न ओढता खेड्यांत टेलिफोन देण्यासाठी सरकारने एक रेडिओ पद्धत वापरली. पंधरा गावांना मिळून हवेतल्या दोन वाटा. ग्रामपंचायतीजवळ किंवा पोष्टाजवळ एक उंच खांब, त्यावर अँटेना, खाली पेटी, बॅटरी, आणि बॅटरीसाठी सूर्याच्या उन्हावर चालणारी काळी पाटी. पंधरांपैकी दोन गावे बोलत असली की तिसऱ्याने थांबायचे. गणिताच्या दृष्टीने योजना निर्दोष होती. पण गणितात दिवस एकसारखे धरलेले असतात. लग्नसराईत, निवडणुकीच्या रात्री, कोणाच्या घरी प्रसंग घडला असता, पंधराही गावांना त्याच दोन वाटा हव्या असतात. शिवाय उन्हाळ्यात पेटीत आणि पावसाळ्यात बॅटरीत बिघाड व्हायचाच. २००२ साली ग्रामीण दूरसंचारासाठी सार्वत्रिक सेवेचा निधी स्थापन झाला आणि त्यानंतर हे देशभरातले फोन बदलून टाकण्यात आले.

वाटा थोड्या आणि बोलणारे फार, याचा सर्वांत कठोर दिवस लातूर जिल्ह्याने पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. पहाटे चारला काही मिनिटे असताना किल्लारी आणि भोवतालची गावे भुईसपाट झाली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या आसपास गेला. त्या दिवसांचे वर्णन करण्याचा हा प्रसंग नाही. आपल्या विषयापुरते एवढेच सांगतो की, बाहेरून मदतीला जे आले त्यांत हौशी रेडिओवालेही होते. या मंडळींची शिस्त पाहण्यासारखी असते. ठरलेली एक लहर. तिच्यावर एक जण नियंत्रक. ज्याला बोलायचे त्याने आपली खूण सांगून थांबायचे, नियंत्रक बोलावील तेव्हाच बोलायचे, आणि जिवाशी संबंध असलेला निरोप आला की बाकी सर्वांनी गप्प बसायचे. म्हणजे कंट्रोलचीच पद्धत, फक्त तार नाही. ज्याच्या घरावर दगडमातीचा ढीग पडला आहे त्याच्याकरिता औषध मागणारा निरोप आणि एखाद्या मंत्र्याच्या गाड्या कुठवर आल्या हे विचारणारा निरोप, दोन्ही एकाच लहरीवर यायचे असतील तर त्यांतले कोणते आधी जावे हे ठरवायला माणूसच लागतो.

आता शेवटी मोंढ्यात येऊ. कारण जुन्या तारेचा वारस तिथे बसला आहे.

बोडोच्या यंत्रानंतर टेलिप्रिंटर आला. अक्षराचे पाच ठोके, त्यांच्या आधी एक ‘सुरू’ची खूण आणि शेवटी ‘संपले’ची, मग दोन्ही टोकांच्या काट्यांनी दिवसभर एका तालात फिरण्याची गरज उरली नाही, अक्षरापुरता ताल जुळला की पुरे. हेच ठोके, याच खुणांसह, १९६० साली अमेरिकेत ठरलेल्या एका मानकाने यंत्राच्या मागच्या बाजूच्या दारात बसवले. त्या दाराला सीरियल पोर्ट म्हणतात. एकामागून एक ठोके जाणारे दार. संगणकाच्या मागे नऊ टाचण्यांची खाच असे, ती हीच. घरच्या संगणकांतून ती नाहीशी झाली. पण रुग्णालयातली यंत्रे, कारखान्यातले मीटर आणि वजनकाटे यांच्या मागे अजून आहे.

लातूरच्या तुरीच्या आणि सोयाबीनच्या बाजारात किंवा नांदेडच्या मोंढ्यात ट्रॅक्टर मोठ्या काट्यावर चढतो. जमिनीखालचे पोलादी खांब किंचित दबतात, त्यांच्यातल्या विजेत फरक पडतो, आणि खोलीतल्या पेटीवर आकडा उमटतो. ही पेटी एका सेकंदात अनेक वेळा तो आकडा मागच्या दारातून बाहेर टाकीत असते. एकदा भरलेल्या ट्रॅक्टरचे वजन, माल उतरल्यावर रिकाम्याचे. दोहोंतला फरक तो शेतकऱ्याचा माल. वर्षभराच्या कष्टांचा हिशेब त्या नऊ टाचण्यांतून बाहेर पडतो.

पण हे दार दोघांतल्या संभाषणासाठी बनवलेले आहे: एक काटा, एक संगणक. आणि वजन तर अनेकांना हवे असते. काट्यावरच्या कारकुनाला पावती छापायची, आडत्याला पट्टी करायची, कचेरीला नोंद ठेवायची. एका संगणकावर दोन प्रोग्रॅमनी हे एकच दार उघडले तर काय होते? पुष्कळदा दुसऱ्याला ‘दार व्यापलेले आहे’ असे उत्तर मिळते, आणि तेच बरे. कारण काही ठिकाणी दोघांनाही आत घेतले जाते, आणि मग ठोके दोघांत विखुरतात. पेटीने ४६५० पाठवले. पहिल्याने ४ आणि ५ उचलले, दुसऱ्याला ६ आणि ० मिळाले. पहिला म्हणतो पंचेचाळीस, दुसरा म्हणतो साठ. असे ठळक चुकले तर कोणाच्याही ध्यानात येते. ४६५० चे ४६० झाले आणि घाईत खपून गेले तर? इथे सामाईक विहिरीची उपमा परत खरी ठरते. या दारातला शब्द पाण्यासारखा आहे. एकाने उचलला की दुसऱ्याला मिळत नाही.

यावरचा उपाय आपण आज दोनदा पाहिला आहे. दार एकानेच उघडायचे. सेर-टू-नेट यासारखे एखादे लहानसे प्रोग्रॅम काट्याजवळच्या संगणकावर बसवतात. ते दार स्वतःच्या ताब्यात ठेवते, आलेला प्रत्येक आकडा पुरा करून घेते, आणि जाळ्यावरून जे जे मागणारे असतील त्या सर्वांना त्याची प्रत देते. कोणी मध्येच उठून गेले तरी बाकीच्यांचे अडत नाही. दूर बसून असे दार वापरण्याचे नियम इंटरनेटच्या तंत्रज्ञांनी १९९७ साली लिहून ठेवले आहेत. कारखान्यांतून निराळी रीत आहे: एकाच तारेवर बत्तीसपर्यंत यंत्रे, त्यांतले एकच प्रश्न विचारते, आणि ज्याचे नाव घेतले तेवढेच उत्तर देते. १९७९ पासून चालत आलेली ही रीत मॉडबस या नावाने प्रसिद्ध आहे. कंट्रोलरची किल्लीच ती.

इथपर्यंत ऐकणे झाले. बोलण्याचे काय? कारण या दारातून आकडा नुसता बाहेर येत नाही, हुकूमही आत जाऊ शकतो. पुष्कळ पेट्यांना ‘शून्य कर’ असा हुकूम दारातून देता येतो. काट्यावर चिखल साचला, पाऊस पडला, म्हणून रिकाम्या काट्याचा आकडा शून्यावर आणावा लागतो. हुकूम उपयोगाचा आहे. पण तो देण्याचा अधिकार जाळ्यावरच्या प्रत्येकाला मिळाला, आणि कोणी कचेरीत बसून, समोर काटा दिसत नसताना, चुकून किंवा जाणून, शून्याचा हुकूम सोडला तर? काट्यावर त्या वेळी ट्रॅक्टरचे एक चाक असेल, दोन असतील. नॉर्विचच्या त्या रात्रीची आठवण येथे मला राहून राहून येते. तार अधिकार ओळखत नाही; हे प्रोग्रॅमही ओळखत नाही. आपण सांगितले तरच ओळखेल. म्हणून जाणते लोक काट्याचे जाळे बांधताना बाहेरच्या सर्वांना ऐकण्याची वाट देतात, बोलण्याची बंद ठेवतात. आणि शून्याची कळ खोलीत, ज्याला खिडकीतून काटा दिसतो त्याच्याच हाताशी राहू देतात.

आणि ऐकणाऱ्यांच्या यादीत एक नाव आणखी घालता येते, ते पुष्कळ वर्षे राहून गेले होते. पेटीचे तोंड खोलीच्या आत असे. आकडा कारकुनाला दिसे, शेतकऱ्याच्या हाती पावती येई. आता त्याच दाराची एक प्रत खोलीबाहेर, ट्रॅक्टरच्या तोंडासमोर टांगलेल्या मोठ्या लाल आकड्यांच्या पाटीला देता येते, आणि बऱ्याच काट्यांवर ती दिली जातेही. परवा मी अशा एका काट्याजवळ उभा होतो. ट्रॅक्टर चढला, आकडे भराभर पळाले आणि थांबले. चालकाच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने खिशातून कागद काढला, आधी पाटीवरचा आकडा लिहून घेतला, मग खाली उतरून खिडकीशी गेला आणि पावती मागितली.